तिसऱ्या पानावर सापडलेली म्हैस

"लिहीत राहा" हे दोन शब्द कानावर पडले की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. कुठल्याशा कार्यक्रमाला बोलावणं येतं, समोर नव्यानं लिहू लागलेली मुलं-मुली वह्या घेऊन बसलेली असतात, आणि एखादा वक्ता उठून हात पसरून सांगतो, लिहीत राहा. टाळ्या पडतात. मी मान खाली घालून चपलेचा अंगठा न्याहाळत बसतो. मुलांना वाटतं म्हातारा घमेंडखोर आहे. असेनही. पण या दोन शब्दांनी मी एका चांगल्या लिहिणाऱ्या माणसाला जवळजवळ गप्प केलं होतं, आणि ते शब्द मला शिकवणारा माणूस मला गप्प करून गेला होता. हे टाळ्या वाजवणाऱ्यांना कोण सांगणार?

एकोणीसशे पन्नास-साठच्या मधली गोष्ट. पिंपरीच्या माळावर कारखाने नुकतेच उभे राहू लागले होते. मी सातारा जिल्ह्यातून आलो होतो आणि एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकुनी करत होतो. कोण किती वाजता आत आला, कोण रजेवर आहे, कुणाचा बिल्ला हरवला, असलं काम. चिंचवड गावात एक खोली घेतली होती. मी, बायको, एक शेगडी आणि एक ट्रंक. सकाळी कामावर जायच्या आधी तास-दीड तास मी त्या ट्रंकेवर कागद ठेवून गोष्टी लिहायचो.

गोष्टी पुण्यातल्या असायच्या. बंगल्याच्या गच्चीवर उभी असलेली नायिका, बागेतलं कारंजं, परदेशाहून परतलेला डॉक्टर. मी बंगल्याची गच्ची जन्मात पाहिली नव्हती आणि आमच्या चाळीच्या नळाला पाणी यायची मारामार होती, पण गोष्टीत कारंजं हवंच. लिहून झालं की पाकीट करायचं, आत परतीच्या टपालाची तिकिटं घालायची आणि पुण्याच्या एका मासिकाकडे धाडायचं. महिन्या-दीड महिन्यानं तेच पाकीट परत. आत छापील चिठ्ठी, "साभार परत." पोस्टमन दारात दिसला की बायको आतूनच विचारायची, "आली का माहेरवाशीण?" माहेरवाशीण निदान चार दिवस राहून सासरी तरी जाते. माझी कायमची घरी बसायला यायची.

सातव्या की आठव्या वेळी छापील चिठ्ठीखाली संपादकांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, "लिहीत राहा." काय सांगू, त्या दिवशी मी जमिनीवर नव्हतो. चिठ्ठी आरशाच्या मागे खोचून ठेवली. दाढी करताना रोज काढून वाचायचो. इतका मोठा माणूस आपल्या हातानं लिहितो म्हणजे त्यानं आपल्यात काहीतरी पाहिलंच असणार, असं मी धरून चाललो.

त्याच सुमाराला कारखान्यातल्या चार हौशी मंडळींनी गणपतीसाठी हस्तलिखित काढायचं ठरवलं. त्या काळी हे सगळीकडे चालायचं. एकच प्रत, चांगल्या अक्षरात लिहून काढलेली, पुठ्ठ्यात बांधलेली, आणि ती हातोहात फिरायची. माझं अक्षर बरं, म्हणून मी संपादक. संपादक झाल्याबरोबर मी पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर लाल पेन्सिल आणली.

मजकूर देणाऱ्यांत मशीन शॉपमधला एक फिटर होता. मोशीचा. घरची शेती, इंद्रायणीकाठी कांदा आणि ज्वारी. तो रोज सायकलवरून कामाला यायचा. मराठी सातवी झालेला, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, बोलायला एकदम कमी. पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेली तीन पानं त्यानं टाइम ऑफिसच्या खिडकीतून आत सरकवली आणि म्हणाला, "भाऊसाहेब, बघा जमतंय का."

गोष्ट अशी होती. एका माणसाची म्हैस हरवते. तो शोधायला निघतो. पहिल्या पानावर नदी, दुसऱ्यावर चिखलीची शीव, आणि तिसऱ्या पानावर म्हैस सापडते. संपली गोष्ट. मला हसू आलं. ना कारंजं, ना डॉक्टर. हस्तलिखितात माझीच एक लांबलचक गोष्ट घालायची होती, तेव्हा जागाही नव्हती. मी लाल पेन्सिल उचलली आणि तिसऱ्या पानाच्या समासात झोकदार अक्षरात "लिहीत राहा" लिहून पानं त्याला परत केली. ते लिहिताना मला फार बरं वाटलं, हे आज कबूल करतो. पुण्याच्या त्या खुर्चीवर मीच बसलोय असं वाटलं.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा खिडकीत. आणखी चार पानं. मी वरची ओळ पाहिली, "मंग दावं तुटलं आन् म्हस परत हरवली." कॅन्टीनमध्ये मी ती ओळ सगळ्यांना ऐकवली आणि आम्ही खूप हसलो. पानं ड्रॉवरमध्ये टाकली. त्याच्या पुढच्या शनिवारी पाच पानं. मग तीन. मग सहा. गणपती झाले, हस्तलिखित फिरून फिरून फाटलं, दिवाळी झाली, तरी दर शनिवारी त्याची पानं यायची थांबेनात. मी "ठेवा तिथं" म्हणायचो. कधी विचारलंच त्यानं, "बरं चाललंय न्हवं?" तर मी हजेरीपटातून मान वर न करता म्हणायचो, "हां, चालू द्या." एक ड्रॉवर भरला, मी गठ्ठा कपाटाच्या तळाशी टाकला. माझा पिच्छा पुरवायचा या माणसानं ठरवलंय की काय, असं वाटून मी अक्षरशः चिडायचो. माझी स्वतःची पाकिटं परत येतायत आणि हा बाबा खुशाल म्हैस हिंडवतोय.

असं वर्षभर चाललं. वर्षाहून जास्तच.

मधल्या काळात माझ्या पाकिटांवर आणखी दोनदा "लिहीत राहा" आलं. पहिल्यांदा आनंद, दुसऱ्यांदा समाधान, आणि मग संशय. त्याच वळणाचा काना, तीच वेलांटी, जणू शिक्का. मला एक खोडी सुचली. मजकूर कागदाच्या एकाच बाजूला लिहायचा असा नियम असे. नव्या गोष्टीच्या सहाव्या आणि सातव्या कागदाच्या कोपऱ्यांना मी खळ लावली. बायकोनंच ती शिजवून दिली, कणकेची, बोटाच्या टोकावर मावेल एवढी. कागद नुसते उलटून वाचणाऱ्याला ते सुटे करावेच लागणार. ती म्हणाली, "आणि नाहीच सुटलेले दिसले तर काय करणार आहात?" मी पाकिटाला तिकिटं चिकटवली.

पाकीट आलं ते एका शनिवारी सकाळी, मी कामावर निघता निघता. सहावा आणि सातवा कागद जसेच्या तसे चिकटलेले. आणि चिठ्ठीवर संपादकांचं अक्षर, "शेवट तितकासा प्रभावी वाटला नाही. लिहीत राहा." अहो, माझी नायिका सातव्या पानावर मरते. ती मेलीय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला शेवट प्रभावी वाटणार कसा? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरशामागची चिठ्ठी काढून मी तिचे तुकडे केले, कागद शेगडीशेजारी आपटले आणि बायकोला सांगून टाकलं की आजपासून लिहिणं बंद. ती म्हणाली, "डबा घ्या." मी डबाही न घेता निघालो.

दुपारी भोंगा झाला आणि तो फिटर खिडकीत आला. हातात पानं.

"ठेवू का, भाऊसाहेब?"

"नका ठेवू," मी म्हणालो. आवाज चढला होता. "काय करू मी यांचं? वर्ष झालं आणून देताय. मी यातलं एक पान वाचलेलं नाही, समजलं?"

तो तसाच उभा राहिला. मागे रांगेत दोघं-तिघं होते, ते माना वर करून बघू लागले.

"वाचलं न्हाई?"

"नाही."

"मंग ह्ये 'लिहीत राहा' कशापायी लिवलं हुतं?"

"अहो राव, तसं सगळ्यांनाच लिहितात. रीत असते ती. नाही म्हणायचं असलं की तसं लिहितात."

त्यानं खिशातून घडी पडून पडून पिवळा झालेला एक कागद काढला. तेच ते तिसरं पान, माझ्या लाल अक्षराचं. ते त्यानं जपून ठेवलं होतं. त्याकडे बघत तो हळू म्हणाला, "म्हंजी गोष्ट पुरी झाली हुती?"

मला आधी कळेचना. मग तो म्हणाला, "म्हस सापडली व्हती की तिसऱ्या पानावर. तुमी लिवत ऱ्हावा म्हनला, मला वाटलं अजून पुरी न्हाई म्हनत्यात. म्हून मी तिला परत हरवली."

एवढं बोलून त्यानं हातातली नवी पानं घडी घालून खिशात ठेवली आणि तो निघून गेला. मी पुढच्या माणसाचा बिल्ला घेतला आणि त्याचा नंबर दोनदा चुकीचा लिहिला.

संध्याकाळी कपाटातला गठ्ठा मी पिशवीत भरून घरी आणला. वाचायला नव्हे. त्याचा त्याला परत करून मोकळं व्हावं, एवढंच मनात होतं. रविवारी सकाळी मी नळावर गेलो होतो, परत येतो तर खोलीत करपल्याचा वास. भात खाली लागला होता आणि बायको शेगडीकडे पाठ करून पानं वाचत बसली होती. रात्री मी झोपल्यावर कंदिलाशी बसूनच तिनं वाचायला घेतलं होतं. तिची शाळा चौथीपर्यंतची, ओळीखाली बोट धरून वाचायची. मी भात उतरवला. ती म्हणाली, "पुढचं कुठंय?"

"कशाचं पुढचं?"

"शेळीचं. पुढची पानं द्या ना."

इतक्या वर्षांत माझ्या एकाही गोष्टीबद्दल तिनं मला हे विचारलं नव्हतं. ऐकून घ्यायची, चांगली आहे म्हणायची आणि उठून कामाला लागायची. मला तिचा राग आला, त्या माणसाचा राग आला, आणि मग मी तो गठ्ठा ओढून घेतला.

पहिली वीस-पंचवीस पानं सामान्यच होती. माणूस हिंडतो, म्हैस दिसली का विचारतो, लोक नाही म्हणतात. पण लिहिणारा बिचारा काय करणार? म्हैस सापडू द्यायची नाही, कारण भाऊसाहेबांनी लिहायला सांगितलंय. मग त्यानं त्या लोकांनाच बोलतं केलं होतं. चऱ्होलीची एक बाई म्हणते, म्हैस नाही पाहिली, पण तुम्ही हिंडताच आहात तर माझा नवरा कुठं दिसला तर सांगा, डाव्या कानाला भोक आहे. पुढच्या गावात एकाची नांगराची बैलजोडी गेलेली, एकीची सख्खी बहीण तिचीच सवत होऊन बोलायची थांबलेली. ज्याला विचारावं तो आपलंच हरवलेलं सांगतो. आणि ताथवड्यात एका म्हाताऱ्याचं काहीच हरवलेलं नसतं. त्याला त्याची लाज वाटते, म्हणून तो एक खोटी शेळी हरवतो. पांढरी, एक शिंग मोडकं, पुढच्या पायावर डाग. दोन पानं तो तिचं वर्णन करतो आणि शेवटी त्याच्याच डोळ्यांत पाणी येतं. म्हैसवाला तळेगावच्या वाटेला लागतो, आणि तिथं एका बांधावर पांढरी शेळी उभी. एक शिंग मोडकं. पुढच्या पायावर डाग.

तिथं पानं संपत होती.

हा माणूस माझ्या कपाटाच्या तळाशी वर्षभर पडून होता. माझ्या कारंज्यांतून एक थेंब पाणी कुणाच्या अंगावर उडालं नव्हतं, आणि यानं एक खोटी शेळी खरी करून बांधावर उभी केली होती. मत्सर वाटला. तो लपवत नाही. पण त्याहून मोठी भीती वाटली की पुढची पानं त्याच्या खिशात आहेत आणि तो ती फाडून टाकेल. तसाच उठून सायकल मागून आणली आणि मोशीला गेलो.

तो कांद्याच्या वाफ्यात पाणी देत होता. मला बघून बांधावर आला, पाणी दिलं, बसा म्हणाला.

"वाचलं मी," मी म्हणालो. "सगळं वाचलं. शेळीचं पुढं काय होतं?"

"ठावं न्हाई."

"तुमच्या खिशात पानं होती काल."

"ती गेली. चुलीपाशी ठेवली हुती, म्हातारीनं जाळ घालाया घेतली." तो सहज बोलला. राग नाही, काही नाही. मी परत लिहा म्हणालो. त्यानं पाटाचं दारं मोडलं, पाणी दुसऱ्या वाफ्यात गेलं, मग म्हणाला, "आता न्हाई सुचायचं, भाऊसाहेब. शनवार आला की मला वाटायचं, तुमी वाट बघत बसला आसाल. म्हून सुचायचं."

मी माफ करा म्हणालो. तो म्हणाला, "त्येचं काय न्हाई." हे ऐकून मला जे वाटलं, त्यापेक्षा त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या शनिवारी भोंगा झाल्यावर मीच मशीन शॉपमध्ये गेलो. "आहे का काही?" तो हात पुसत म्हणाला, "म्हस सापडली, भाऊसाहेब. घरी बांधलीया." शेजारचे हसले. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. पुन्हा तेच. घरी बायको रोज विचारायची, शेळीचं काही कळलं का, जणू शेळी आमचीच. मी तिच्यावर खेकसायचो. एका शनिवारी मी त्याच्यावरही खेकसलो, त्या म्हाताऱ्याला बांधावर तसाच सोडून देता, काही वाटत नाही का तुम्हाला, म्हणून. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हातारा ताथवड्यात हाय," तो म्हणाला. "बांधावर म्हसवाला हाय." आणि पुन्हा कामाला लागला. मी चुकलो होतो, पण त्याच्या तोंडून त्या दोघांबद्दल एक वाक्य तरी निघालं होतं.

किती शनिवार गेले ते मोजले नाहीत. एकदा भोंगा झाला, मी उठायच्या बेतात होतो, तर तो खिडकीऐवजी दारातून आत आला. टेबलावर दोन पानं ठेवली. मी ती ड्रॉवरमध्ये ठेवायला हात लावला तसा तो म्हणाला, "न्हाई. हितंच वाचा. माझ्यासमूर."

मी वाचू लागलो. तो टेबलाला टेकून उभा, नजर माझ्या तोंडावर. पहिल्या चार ओळी झाल्या आणि मी पुन्हा वरून वाचायला लागलो. "त्या रम्य सायंसमयी पश्चिमेचे क्षितिज आरक्त झाले होते. शेळीचे नेत्र करुणेने ओथंबले होते." पान उलटलं, तिथंही तेच. म्हैसवाला शुद्ध बोलत होता. ही भाषा कुठली, ते मी ओळखलं. हस्तलिखितातली माझी गोष्ट त्यानं मिळवून वाचली होती. आता चुकायचं नाही, भाऊसाहेबांना आवडेल असं लिहायचं, म्हणून बसून गिरवलं होतं बिचाऱ्यानं.

चांगलं आहे म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. इतक्या शनिवारांनंतर दोन पानं आलीत, ती तरी यायची थांबू नयेत. पण मला ते जमेना.

"शेळीला नेत्र कुठून आले?" मी म्हणालो. "तुमच्या मोशीत शेळीला डोळे असतात."

तो वाकून ती ओळ बघू लागला.

"हे तुमचं नाही," मी म्हणालो. "हे माझं आहे. आणि वाईट आहे. माझं आहे तिथंही वाईटच आहे."

हे शेवटचं वाक्य मी त्याआधी कधी मनातही म्हटलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि मग ते खरं आहे हे मला कळलं. वाटलं, आता हा पानं उचलणार आणि पुन्हा या दारात येणार नाही.

त्यानं भिंतीकडचं स्टूल पायानं ओढलं आणि माझ्याशेजारी बसला.

"म्हंजी खरंच वाचलं तुमी," तो म्हणाला. कानावरची पेन्सिल काढून त्यानं पानावर टेकवली. "कुठनं खोडू, दावा."